बाईंची सही

पाच दिवसांत बाईंनी सहा खड्डे खणले होते, छातीइतके खोल. पाठीचं पार लाकूड झालं होतं. डोंगरावरचं बर्फ घसरून खाली येईल का, याचा अंदाज बांधणं हे त्यांचं एकोणीस हिवाळ्यांचं काम. त्यांनी सही केली तर घाटरस्ता उघडायचा. नाही केली तर बंद.

आजही त्यांनी खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा चौकोनी खांब कापून मोकळा केला, त्यावर फावडं ठेवलं आणि नुसत्या मनगटाने थोपटलं. एक, दोन, तीन. चौथ्या थापेला वरचा जाड थर टेबलाच्या खणासारखा सरकून त्यांच्या अंगावर आला. खालचं बर्फ साखरेसारखं सुटं. मुठीत दाबलं तरी त्याचा गोळा होईना.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

बर्फ हटवायच्या मशीनचा चालक त्यांना वर घेऊन यायचा. तो म्हणाला, "बाई, साहेब डोकं खातील."

"खाऊ दे. माझ्याकडे आता तेवढंच उरलंय."

चौकीत रस्त्याचे साहेब वाटच पाहत होते. "पाच दिवसांत एक ढेकूळ तरी पडलं का? लोक मला शिव्या घालतायत."

"मग सही तुम्ही करा," बाईंनी कागद पुढे सरकवला.

साहेबांनी पेन उचललं, खिडकीतून वर उताराकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. घाटापलीकडच्या दवाखान्यात धाकटी बहीण बाळंतपणाला दाखल होती. आई गेल्यापासून बाईच तिची आई. वेळेला उशाशी असेन, असा शब्द त्यांनी दिला होता.

"ताई, निघालीस ना?"

"रस्ता बंद आहे गं."

"कुणी केला?"

"मी."

पलीकडून फोन बंद झाला. साहेबांनी सगळं ऐकलं होतं. जाताना त्यांनी आपला चहा बाईंपुढे ठेवला.

संध्याकाळी बहिणीच्या नवऱ्याचा निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाईंना धड हसू येईना, धड रडू. बूट काढायचंही त्राण नव्हतं.

आठव्या दिवशी खांदा भरून येईपर्यंत थापा मारल्या, तरी खांब ढिम्म. बाईंनी सही केली आणि मशीनमागून जाणाऱ्या पहिल्या गाडीत न बसता मशीनमध्ये चालकाशेजारीच बसल्या. उतार जसाच्या तसा होता, एक ढेकूळही पडलं नव्हतं.

"बाई, पाचव्या दिवशीही गेलो असतो आपण," चालक म्हणाला.

"हो, गेलोच असतो," बाई डोळे मिटून म्हणाल्या. त्यातली मेख त्याला पुढच्या वळणावर कळली.

दवाखान्यात बहिणीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आलीस?"

"आले."

"खूप शिव्या दिल्या मी तुला."

"दिल्यास ते बरं केलंस."

जरा वेळाने ती वळली. बाईंचे फुटलेले ओठ, सुजलेली बोटं पाहत राहिली. मग म्हणाली, "धर हिला. मला दोन तास झोपू दे."

बाईंचे दंड ठणकत होते. पण हात बदलला तर पोर जागी होईल, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.