अर्धशिशी जाताना

मेणात बसवलेल्या दाढेची उजवी बाजू तिला दिसेनाशी झाली. मान हलवली, तर दाढ आली आणि शेजारचा सुळा गेला. मग त्या जागी एक चमचमती नागमोडी रेघ थरथरू लागली. तिने हातातली सुरी ठेवली आणि स्पिरिटच्या दिव्यावर झाकण टाकलं.

"आई, आली गं."

आई आतून वही घेऊनच आली. घड्याळाकडे बघून तिने एक वाजून वीस मिनिटं असं लिहिलं.

"गोळी देऊ?"

"थांब. अजून नुसता उजेड दिसतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात ना, दुखायला लागलं की मगच."

कवळ्या बनवणं हे तिचं काम. 'लोकांचे दात त्यांच्याच घशात घालायचे मला पैसे मिळतात,' असं ती हसत सांगायची. पण महिन्यातून तीन-चारदा अर्धशिशी उठली की हसणं राहायचं बाजूला. हे दुखणं तिने आईकडूनच घेतलं होतं. आईने ते चाळीस वर्षं काढलं, डोक्याला फडका आवळून, दार लावून. लहानपणी बंद दाराबाहेर उभं राहून तिला वाटायचं, आई रुसलीय.

आईला या गोळ्यांबद्दल वेळेत कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा हृदयात स्टेंट बसलेला होता.

"या गोळ्यांनी रक्तवाहिन्या आकसतात. तुम्हाला नाही देता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"हिला चालतील ना?" आईने एवढंच विचारलं होतं.

एकीला लागू पडते ती दुसरीला पडेलच असं नाही, म्हणून तीन जातींच्या गोळ्या पाळीपाळीने घेऊन बघायच्या होत्या. प्रत्येक जात तीन वेळा, आणि एका दिवशी दोन जाती मिसळायच्या नाहीत. सुमाट्रिप्टानने दोन तासांत ठणका उतरला, पण छातीवर दडपण आलं आणि संध्याकाळी दुखणं पुन्हा दारात हजर. नाराट्रिप्टानचा त्रास काही नाही, पण गुण यायला चार तास.

"ही माझ्यासारखीच, वेळेवर कुठे पोचायची नाही," आई म्हणाली होती.

आज तिसरी, रिझाट्रिप्टान, पहिल्यांदाच. पावणेदोनला उजव्या डोळ्यामागे पहिला ठोका पडला. आईने वेष्टन सोलून पांढरी चकती तिच्या जिभेवर ठेवली. पाण्याशिवायच ती विरघळली. मग ठोके वाढले. ती पलंगावर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडली. आई उशाशी स्टुलावर बसली, पायाशी बादली. तिने वहीचं पानसुद्धा उलटलं नाही, आवाज होईल म्हणून.

अडीचला पाच मिनिटं कमी होती, तेव्हा मुलीने डोळे उघडले. दोन बोटांनी कानशील दाबून पाहिलं. पुन्हा, जरा जोरात दाबलं.

"आई."

"ओकारी येतेय?"

"नाही. गेली."

"कोण गेली?"

"अर्धशिशी. गेली गं."

आईने तिच्या कानशिलावर तळहात ठेवला, मग कपाळावर, मग भुवईवर.

"झोप लागली होती का?"

"नाही. टक्क जागी होते."

आईने वही उघडली, पण पेन तसंच हातात राहिलं.

"म्हणजे जाताना तुला कळली?" तिचा आवाज एकदम खाली आला होता. "माझी नेहमी झोपेत जायची. उठायचे तेव्हा नसायची. चाळीस वर्षं येताना दिसली, जाताना एकदाही नाही." ती थोडी पुढे वाकली. "कशी जाते गं?"

मुलगी उठून बसली.

"आधी ठोके लांब लांब पडायला लागले. मग भुवईपाशी एवढीशी जागा दुखायची उरली, नखाएवढी. मी तिच्यावरच ध्यान लावून होते, आणि बघता बघता तीही नव्हती. तेवढ्यात बाहेर सायकलची घंटा वाजली. आणि ती नुसती घंटा होती, आई. डोक्यात काहीच झालं नाही."

आईने डोळे मिटले होते.

"नुसती घंटा," ती पुटपुटली.

वही मांडीवरून घसरून खाली पडली. तिने ती उचलली नाही. स्टूल तेवढं पलंगाजवळ ओढलं.

"परत सांग. सावकाश सांग. ठोके लांब पडायला लागले, तिथपासून."