मोनिकाचाच फॉर्म

दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले तेव्हा ते ऐकायला करिश्माच्या घरात कुणीच नव्हतं. म्हणजे कस्तुराकाकू होती, पण ती मागच्या अंगणात म्हैस धूत होती.

"काकू, एक्क्याण्णव!"

"पास ना? मग झालं. ती बादली सार हिकडं."

करिश्मानं बादली सारली. एक्क्याण्णव टक्केवाल्या हातानं सारली म्हणून ती काही वेगळी वाजली नाही. आई-आबा मेंढरांबरोबर औशाच्या बाजूला होते. दिवाळी झाली की दोघं सास्तूर गाव सोडायचे आणि आज ह्या शिवारात, उद्या त्या शिवारात तळ टाकायचे. लोक आपल्या रानाला खत व्हावं म्हणून मेंढरं बसवून घेतात. सहावीपासून करिश्मा काकूकडं राहत होती. काकू वाईट नव्हती. पण तिला तिची स्वतःची दोन पोरं होती, म्हैस होती आणि संध्याकाळची मालिका होती. करिश्माचा नंबर त्याच्यानंतर लागायचा.

आबांचा फोन संध्याकाळी लागला.

"आबा, एक्क्याण्णव पडले!"

"कितीतले?"

"शंभरातले."

"मग नऊ कुठं गेले?"

आबांना चेष्टा करायची नव्हती. एखादं मेंढरू कमी भरलं की जसं विचारतात, तसं त्यांनी काळजीनं विचारलं होतं. करिश्मा इतकी हसली, इतकी हसली की हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते काही केल्या थांबेना.

त्या दिवसापासून गावात जो भेटेल तो एकच विचारू लागला, "काय होणार मग?" करिश्मा छाती पुढं काढून सांगायची, "डॉक्टर." हे उत्तर दिलं की माणसं खूश व्हायची आणि पुढचं विचारायची नाहीत. खरं तर तिला आवडायचं गणित. गणितात तिला नव्याण्णव होते. भूमितीची आकृती सुटली की तिला उड्या माराव्याशा वाटायच्या, आणि वर्गात कुणी बघत नसेल तर ती एखादी मारायचीसुद्धा! पण गणित करून माणूस काय होतो? डॉक्टर तिनं पाहिला होता. नर्स, मास्तर, तलाठी, कंडक्टर, पोलीस, सगळे पाहिले होते. गणितवाला माणूस मात्र तिनं सास्तुरात एकही पाहिला नव्हता. न पाहिलेल्या माणसासारखं कसं व्हायचं, हे तिनं विचारावं तरी कुणाला?

मोनिकाचं तसं नव्हतं. मोनिका म्हणजे भागवत सरांची मुलगी, करिश्माची पहिलीपासूनची मैत्रीण. सर झेडपीच्या शाळेत, तिची मम्मी सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांच्या घरात मोनिकाच्या करिअरवरून दोन वर्षं रोज महाभारत चालू होतं.

"मला ड्रॉइंग करायचंय, पप्पा!"

"रिकाम्या वेळात कर. मेडिकल म्हणजे मेडिकल."

"तुम्हाला जमलं नाही म्हणून मी करायचं का?"

"व्हय, म्हणूनच करायचं!"

ताटं आपटायची, दारं आपटायची. करिश्मा त्यांच्या सोफ्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची आणि एकेक शब्द कानांनी गोळा करायची. मोनिका रडून लाल व्हायची आणि म्हणायची, "तुझं बरंय बाई, तुला कुणी काय म्हणत न्हाय."

खरंच कुणी काय म्हणत नव्हतं. करिश्मानं आईला फोनवर विचारलं होतं, "आई, मी काय करू गं?"

"तुला पटंल ते कर माय. आमाला काय कळतंय त्यातलं."

ह्या वाक्यासाठी मोनिकानं आपले सगळे रंग देऊन टाकले असते. करिश्माला मात्र ते ऐकलं की फोन आपटावासा वाटायचा. भांडायला समोर कुणीतरी लागतं की नाही? एकदा तर तिनं मुद्दाम खडा टाकून पाहिला. "मी आता शिकतच न्हाय. लग्न लावून टाका माझं." आता आई चिडेल, रागावेल, म्हणून ती फोन कानाला घट्ट लावून थांबली. आई म्हणाली, "तबेत बरी हाय ना गं तुजी?"

अकरावीचे ऑनलाईन फॉर्म भरायचे दिवस आले तेव्हा भागवत सरांनीच तिला बोलावून घेतलं. आधी मोनिकाचा भरला. दहा कॉलेजं, दहाही सरांनी सहा महिने आधी वहीत लिहून ठेवलेली. मोनिका शेजारी नखं खात बसली होती. मग करिश्माची पाळी आली.

"वडिलांचा व्यवसाय..." सर स्वतःशीच म्हणाले आणि न विचारता 'शेती' असं टाईप केलं. "शिक्षण?"

"न्हाय."

"आईचं?"

"न्हाय."

सरांनी दोन्हीकडं 'निरंक' लिहिलं. "हं, आता तुझे पर्याय सांग. तुझ्या आबांचं काय म्हणणं आहे?"

आबांचं काहीच म्हणणं नव्हतं. पण असं सांगायची करिश्माला लाज वाटली. सरांच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाचंसुद्धा काहीतरी म्हणणं असल्यासारखं वाटायचं! तिनं थाप मारली.

"आबा म्हणले, मोनिकाचेच टाका."

"शाब्बास! शहाणा माणूस आहे," सर म्हणाले आणि दहाच्या दहा कॉलेजं तशीच्या तशी उतरवली. करिश्माच्या आबांना जन्मात पहिल्यांदा तिच्या शिक्षणाविषयी मत आलं होतं, आणि तेही तिनंच बनवलेलं. पण तिला बरं वाटलं. काही का असेना, दोघी बरोबर राहणार होत्या.

यादी लागली. करिश्माला एक नंबरचं कॉलेज लागलं, लातूरचं, सायन्स. मोनिकाला मार्क कमी होते, तिला सातवं लागलं. ते सरांना पसंत पडलं नाही. त्यांनी एका दिवसात सूत्रं हलवली आणि तिला सोलापूरला ओळखीच्या कॉलेजात घातलं. मोनिकानं जाता जाता फोन केला, "तू येतीस का सोलापूरला? पप्पांना विचारू?" मागून सरांचा आवाज आला, "अगं, पहिल्या पसंतीचं कॉलेज तिला घ्यावंच लागतं. सोडलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर."

प्रवेश घ्यायला हातात तीन दिवस होते. मोनिकाचा फॉर्म होता, पण मोनिका नव्हती. आता करिश्माला स्वतःचं कॉलेज म्हणून मोनिकासाठी निवडलेल्या कॉलेजात जायचं होतं, आणि आबांच्या न दिलेल्या सल्ल्यानं.

"आबा, मला लातूर लागलं."

"चांगलं का वाईट?"

"तेच कळंना."

फोनमध्ये कुत्रं भुंकलं. कुणीतरी मेंढरं हाकत होतं. मग आबा म्हणाले, "परवा जाऊ. म्या बघून सांगतो."

म्या बघून सांगतो! दोन दिवस करिश्माचे पाय जमिनीला लागले नाहीत. काकूच्या म्हशीलासुद्धा तिनं सांगितलं, "आबा बघून सांगणारेत." शेवटी कुणीतरी सांगणार होतं.

करिश्मा सास्तूरहून बसली, आबा औशाला त्याच एसटीत चढले. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा आणि हातात काठी.

"मामा, काठी आत घ्या, कुणाचा डोळा जाईल," कंडक्टर ओरडला.

"तिला तिकीट लागतंय का?" आबांनी विचारलं, आणि सगळी एसटी हसली.

कॉलेजात शिरल्या शिरल्या आबांनी बघायला सुरुवात केली. तळ हलवायच्या आधी ते नेहमी एकटेच पुढं जाऊन रान बघून येतात. पाणी कुठं आहे, सावली किती, मोकाट कुत्री आहेत का, मालक नीट बोलतो का. इथंही त्यांनी तेच मांडलं. वॉचमनला रामराम घातला आणि पाणी कुठलं ते विचारलं. दोन ओंजळी पिऊन पाहिलं. वसतिगृहाच्या भिंतीच्या कडेकडेनं पूर्ण फेरी मारली, एका जागी काठीनं पाया ठोकून बघितला. वॉर्डनबाईंना फाटक किती वाजता लागतं ते विचारलं, आणि आजारी पडलेल्या पोरीजवळ कोण बसतं तेही विचारलं. मग जिन्यावर अभ्यास करणाऱ्या एका मुलीसमोर उभे राहिले.

"बाळ, हितं आल्यावर रडलीस का?"

करिश्माला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती मुलगी हसली. "लई रडले मामा. पंधरा दिवस."

"मग?"

"मग परीक्षा लागली, रडायला टाईमच न्हाय घावला."

दुपारी दोघं कडुलिंबाखाली भाकरी खायला बसले. करिश्मा भाकरी नुसतीच कुस्करत होती. "सांगा की आबा."

"पाणी गोड हाय. भिंत पक्की हाय. ती बाई खरं बोलती. ऱ्हायला हरकत न्हाय."

"आन् शिकायचं काय? बायो घेऊ का गणित? डॉक्टर होऊ का नको?"

आबांनी भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. "ते मला दिसंना, पोरी."

आणि करिश्माचा बांध फुटला. "दिसंना म्हणजे? तुमी बघून सांगतो म्हणला होता! मोनिकाचे पप्पा वरडतात, भांडतात, मारायला उठतात. तुमी आजवर एक शब्द बोलला न्हाय. एकदा तरी म्हणा, हे कर! नको म्हणा! कायतरी म्हणा की!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. आबा खाली मातीकडं बघत होते.

"मेंढरू चुकलं तर म्या हुडकून आणतो," ते हळू म्हणाले. "मग ते किती का लांब जाईना. पर म्या सांगितलं म्हणून तू त्या पुस्तकांत गेलीस आन् चुकलीस, तर तितं म्या कसा येऊ? मला ती वाटच म्हाईत न्हाय. खोटं सांगू का तुला?"

करिश्मानं भाकरीचं फडकं बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा ती बापाशी भांडली होती, आणि भांडणात दोघंही हरले होते.

प्रवेशाच्या खिडकीपुढं रांग होती. प्रत्येक पोरीच्या खांद्यावरून एकेक बाप आत डोकावत होता. प्रश्न पोरीला आणि उत्तर बापाचं. आबा लांब भिंतीला टेकून उभे राहिले. पुढं आले नाहीत.

"बायो, मॅथ्स, का दोन्ही?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"फक्त मॅथ्स."

"बायो सोडलंस तर मेडिकल बंद. पालक आलेत ना? त्यांना विचारून ये."

"आलेत," करिश्मा म्हणाली. "पण हे मीच सांगतीय."

तिचा आवाज जरा जास्तच मोठा झाला. रांगेतला एक बाप वळून बघायला लागला. बाईंनी खांदे उडवले आणि गणितापुढं खूण केली. आबांना सहीसाठी बोलावलं तेव्हा ते आले, शाईत अंगठा बुडवला, फॉर्मवर आणि पावतीवर उठवला आणि बोट धोतराला न पुसता तसंच धरून ठेवलं.

चारच्या गाडीत दोघं शेजारी बसले. आई एकटी मेंढरांजवळ होती, म्हणून आबांना घाई होती. औशाचा स्टँड दिसल्यावर आबा उठले, काठी सावरली आणि वाकून विचारलं, "गणितानं माणूस काय होतंय गं?"

"अजून म्हाईत न्हाय, आबा."

"बरं. कळलं की मला बी सांग."

ते उतरले. गाडी हलली तेव्हा करिश्मानं खिडकीतून मान बाहेर काढली, पण मध्ये एक ट्रक आला आणि फेटा काही परत दिसला नाही. तिनं मोनिकाला फोन लावला. उचलला नाही. मग काकूला लावला.

"काकू, गणित घेतलं."

"बाई! मग डॉक्टर?"

"न्हाय होणार."

"मग गं काय होणार?"

काकूनं उत्तराची वाट न बघताच फोन ठेवला. तिची मालिका लागायची वेळ झाली होती. किल्लारी गेलं, गाडी रिकामी होत गेली. करिश्मानं पिशवीतून प्रवेशाची पावती काढली, स्वतःचं नाव वाचलं, खालचा आबांचा निळा अंगठा बघितला, आणि मग पावतीबरोबर मिळालेली पुस्तकांची यादी वरपासून वाचायला घेतली.