जांभळी झाकणं

मानवजातीचं दुःख हलकं करण्यासाठी समुद्राच्या तळाशी एक जांभळा जीव लाखो वर्षं तिष्ठत बसला आहे, असं संशोधकाचं ठाम मत होतं. जिवाचं मत कोणी विचारलं नव्हतं. तो स्पंज होता, आणि स्पंजाला मेंदू नसतो. हा प्राणी आहे हे घरच्यांच्या गळी उतरवण्यात दोन वर्षं गेली होती. बायको अजूनही त्याला 'तुमची घासणी' म्हणे.

काम सरळ होतं. स्पंजाचे तुकडे बाटलीत, वर अल्कोहोल, आठवडाभर मुरवायचं. मग गाळायचं, आटवायचं आणि तो अर्क कर्करोगाच्या पेशींवर सोडायचा. दुसऱ्या दिवशी पेशी गार. अकरापैकी अकरा वेळा! सोमवारी समिती येणार होती. समाधान झालं तर आणखी तीन वर्षं स्पंज. नाही झालं तर पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गावर रसायनशास्त्र. 

त्या सोमवारच्या बारा दिवस आधी जेवताना सासूबाईंनी खडा टाकला. त्यांनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्ती फक्त कागदावर घेतली होती.

"जावईबापू, स्पंज न घालता करून बघितलंत का?"

"स्पंज न घालता काय करायचं, आई?"

"तेच सगळं. तीच बाटली, तेच अल्कोहोल, तितकेच दिवस."

"नुसतं अल्कोहोल तपासलंय. कॅनमधून काढलं, पेशींवर टाकलं. काही होत नाही."

"ते कॅनमधलं. बाटलीत आठवडाभर बसलेलं नाही. माझी आठवीतली पोरंसुद्धा विचारायची."

"आई, रिकाम्या बाटलीचं औषध काढत बसलो तर लोक मला वेड्यात काढतील."

"अहो, करून टाका," बायको म्हणाली. "नाहीतर ती उद्या डबा घेऊन प्रयोगशाळेत येऊन बसेल."

ही धमकी लागू पडली. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंना त्याने तीन बाटल्या लावायला सांगितल्या: एकीत स्पंज, दुसरीत नुसतं अल्कोहोल, आणि तिसरीत स्पंजच, पण जुन्या पांढऱ्या झाकणाची. ही तिसरी बाईंनीच सुचवली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सगळीच झाकणं पांढरी होती. फोटोत स्पंजाला शोभून दिसतील म्हणून जांभळी झाकणं संशोधकाने स्वतः निवडून मागवली होती.

शनिवारी सकाळी बाईंनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं.

"सर, रिकाम्या बाटलीने सगळ्या पेशी मारल्या."

"आणि स्पंजाने?"

"जांभळ्या झाकणाच्याने मारल्या, पण जरा कमी. पांढऱ्या झाकणाच्याने एकही नाही. मजेत आहेत."

संशोधक स्टुलावर बसला. अल्कोहोल झाकणाच्या आतला थर विरघळवत होतं, आणि त्यातलं काहीबाही पेशींचा जीव घेत होतं. स्पंजाने उलट त्यातलं थोडं शोषून घेतलं होतं. म्हणजे या सगळ्या प्रकरणात कर्करोगाला वाचवायचा प्रामाणिक प्रयत्न कोणी केला असेल, तर तो स्पंजाने.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे नोंदवहीत सोमवारनंतर चढवलं तर?"

"चढवलं, सर. शाईने. तारीख घालून."

"कधी?"

"तुम्ही स्टूल शोधत होतात तेव्हा."

घरी सासूबाईंनी निकाल ऐकला आणि फक्त "हं" म्हणाल्या. चौतीस वर्षांत त्या 'हं'खाली कित्येक वर्ग गाडले गेले होते. "उद्या नीट झोपा," त्या पुढे म्हणाल्या. "सोमवारी खरं सांगायचंय. त्यासाठी झोप हवी."

सोमवारी त्याने खरं सांगितलं. समितीसाठी लावलेलं स्पंजाचं जांभळं पोस्टर मागे भिंतीवर तसंच होतं; काढायचं कोणाला सुचलं नाही. जांभळ्या झाकणाची एक बाटली त्याने पुरावा म्हणून टेबलावर ठेवली.

मुदतवाढ नाकारायला समितीला चार मिनिटं लागली. त्यातली तीन अध्यक्षांना चष्मा शोधायला लागली. तो सापडल्यावर त्यांनी झाकण काढलं, उलटं केलं आणि आतल्या कडेवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली: "फक्त पाण्यासाठी."