माझी फट आणि अनुपमाची एक रेषा

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटदर्शक आहे. पिंपळगाव राजाच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात राहतो. पितळी नळी, पोटात काचेचा लोलक आणि तोंडाला केसाएवढी फट. त्या फटीतून ऊन आत आलं की मी त्याचे रंग वेगळे करतो. रंगांमध्ये बारीक काळ्या रेषा दिसतात, आणि सूर्यावर काय काय आहे ते त्या रेषाच सांगतात. नुसते रंग काय, साबणाच्या फुग्यातही दिसतात.

आमचे शिपाई भागवतभाऊ मायाळू माणूस. मुलांना अंधुक दिसतं म्हणून त्यांनी एकदा कानशीने माझी फट रुंद करून टाकली. रंग झगझगीत झाले, माझी वाहवा झाली आणि रेषा गेल्या. रुंद फटीतून आलेले रंग एकमेकांवर पसरतात, रेषा त्यात बुडतात. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण वहीतली आकृती मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची, हीच इथली रीत. मला फार राग यायचा.

यंदा नववीतल्या अनुपमाने आकृतीची जागा कोरी ठेवली.

"मले रेषा दिसल्याच नाईत, सर. मंग कश्या काढू?"

"शनिवारपर्यंत काढ, नाहीतर वहीवर सही नाही," विज्ञान शिकवणारे शेखर सर म्हणाले. सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नव्हतं.

ती रोज मधल्या सुट्टीत मला उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखायची. सूर्याकडे थेट कधीच नाही. तुम्हीही रोखू नका. शुक्रवारी तिने कागदाच्या कडेने फट थोडी झाकून पाहिली आणि हिरव्या रंगात एक काळी रेषा उमटली.

"भागवतभाऊ, ही फट लय मोठी हाय काय?"

भागवतभाऊंनी मान खाली घातली. "म्याच घासली वं बाई. लेकराईले उजेड कमी दिसे म्हून."

त्यांनीच दाढीची दोन कोरी पाती आणून दिली. दोघांनी ती फटीवर समोरासमोर चिकटवली, मधे जेमतेम केसाएवढी जागा ठेवून. उजेड कमी झाला, पण रेषा एकेक करून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी मला माझं काम परत मिळालं.

शनिवारी सरांनी आकृती पाहिली. "पिवळ्या रंगात सोडियमच्या दोन रेषा असतात. तू एकच काढलीस?"

"दोन असतीन, सर. पण याच्यातून एकच दिसते, म्हून एकच काढली."

सरांनी मला डोळा लावला. मी जिवाचं रान केलं. पण त्या दोघी इतक्या जवळ आहेत की माझ्या छोट्या लोलकाला त्या वेगळ्या करता येत नाहीत. सरांनी बराच वेळ पाहिलं, सही केली आणि खाली लिहिलं, 'स्वतः पाहून काढलेली आकृती.'

मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझा लोलक जपा, पण कौतुकासाठी माझी फट वाढवू नका. माझ्यातून दिसेल तेवढंच वहीत उतरवा. ती दुसरी रेषा दाखवणारं मोठं यंत्र अनुपमा कधीतरी हातात घेईल. तोवर माझी एक रेषा मी चोख दाखवत राहणार.