ओव्हरबर्डन

"इथे ओव्हरबर्डन फक्त बारा फूट!" बोधनकर साहेब ड्रिलमधून निघालेला दगडाचा ओला दांडका कुरवाळत म्हणाले. "त्याखाली सगळी चुनखडी. सोमलिंग, तुझं रान म्हणजे लॉटरी आहे रे!"

सोमलिंग हसला नाही. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेवर असलेल्या या गावात चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर सर्वेक्षणाचे तंबू पडले, तेव्हापासून तो त्यांच्याकडे रोजंदारीवर खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी, होता. निघालेला दगड धुवायचा, पेटीत ओळीने मांडायचा. साहेबांचे शब्द त्याच्याही तोंडात बसले होते. दगडाचा दांडका म्हणजे कोअर, आणि कामाच्या दगडावर जे जे असेल, माती, मुरूम, बांध, बाभळी, ते सगळं ओव्हरबर्डन. बुलडोझरने खरवडून बाजूला टाकायचं. दुसऱ्यांच्या रानात हा शब्द त्यानेही खुशाल वापरला होता. आपलेच दात नि आपलेच ओठ, आता बोलणार कुणाला?

"पुढचं भोक तिकडे, त्या लिंबाजवळ," साहेबांनी बोट दाखवलं.

तेवढ्यात त्याची आई कमलम्मा भाकरी घेऊन आली. साहेबांचं बोट कुठे वळलंय ते पाहून ती जागीच थांबली.

"सायेब, तितं नगा. तितं ह्येचा अप्पा बसलाय."

साहेबांनी कपाळावर हात धरून लिंबाखाली निरखून पाहिलं. "कुठे? दिसत नाहीत ते. बोलवा की त्यांना, मी समजावून सांगतो."

ड्रिलवरचा कासीम खाली मान घालून उभा राहिला. सोमलिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने हा माणूस गावचं पाणी पितोय, आणि हे गाव आपल्या मेलेल्या माणसाचं काय करतं एवढंही याला ठाऊक नसावं!

"आमच्यात जाळत न्हाईत, साहेब. मांडी घालून मातीत बसवत्यात. अप्पाला बसवून चार वर्सं झाली."

"अरेरे." साहेबांचा चेहरा खरोखरच उतरला. माणूस वाईट नव्हता, आणि सोमलिंगला संताप येत होता तो त्याचाच. वाईट असता तर दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. साहेबांनी जरा विचार केला. "किती खोल?"

"पुरुषभर."

"मग काही अडचण नाही!" साहेबांना हायसं वाटलं. "भोक दहा फूट सरकवू. आणि उद्या खाण सुरू झाली तरी ते ओव्हरबर्डनमध्येच येतात. ओव्हरबर्डन तर काढायचंच असतं. अगदी सन्मानाने काढू."

"काय म्हनला रं सायेब?" कमलम्माने लेकाला विचारलं. तो इंग्रजी शब्द तिला कळला नव्हता.

खोटं सांगता आलं असतं. पण सोमलिंगला आता कुणालाच सांभाळून घ्यायचं नव्हतं.

"अप्पा वझं हाय म्हनत्यात, अव्वा. दगडावरचं वझं."

म्हातारीने पदर खोचला.

"वझं? ह्येनं खांदा दिलता व्हय त्येला? ज्येनी दिला त्येस्नी जड झाला न्हाई, आन् ह्येला वझं झाला?"

ती तडातडा लिंबाखाली गेली आणि खुणेच्या दगडाला पाठ लावून, ड्रिलकडे तोंड करून, मांडी घालून बसली.

"सोमलिंग, उठव त्यांना," साहेब हलकेच म्हणाले. "नाहीतर मला उद्यापासून दुसरा खलाशी बघावा लागेल."

सोमलिंग गेला. आईसमोर उभा राहिला. घरात दुसरी कमाई नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने वर पाहिलं आणि ती थोडी सरकून बसली.

तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, वझं वाढलं बगा! आता तिगांस्नी काढा!"

कासीमने ड्रिलवरचा हात काढून घेतला. इंजिन तेवढं फडफडत राहिलं. ते बंद करणं सोमलिंगचं काम होतं. तो उठला नाही.