बारानं गुणलेलं व्याज

छापखान्यातले मुद्रितशोधक पन्नाशीला आले होते, पण चूक दिसली की अजूनही त्यांना राहवत नसे. दुकानाची पाटी असो की औषधाची चिठ्ठी, हात लाल पेन्सिलीकडे जायचाच. छापखान्यात सगळे त्यांना ‘लालबुवा’ म्हणत आणि बुवांना ते आवडायचं, उगाच कशाला खोटं बोला!

एकदा एका क्रेडिट कार्ड कंपनीचं पत्रक छापायला आलं. ‘व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ५१.१ टक्के. पहिलं वर्ष हप्त्याची सक्ती नाही.’ साडेतीन बारे बेचाळीस, हे तर शाळेतलं पोरही सांगेल! बुवांनी ५१.१ वर काट मारली आणि समासात ४२ लिहिलं. कंपनीला विचारावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. उलट, तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांची त्यांनी दिवसभर टर उडवली.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्यांच्या थोरल्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं. नवऱ्यामागे तिनं ते एकटीनं उभं केलं होतं. शिलाईच्या दोन नव्या मशिनींसाठी तिनं कापडवाल्याकडून दोन लाख घेतले होते, वर्षाअखेरी पंचेचाळीस टक्के व्याजानं.

“ताई, त्याच्यापेक्षा कार्ड स्वस्त. बेचाळीस. मी स्वतः तपासलंय,” बुवा म्हणाले. ताईनं कार्डावर दोन लाख उचलले, कापडवाल्याच्या तोंडावर फेकले आणि वर चार शब्द सुनावूनही आली.

तीन आठवड्यांनी कंपनीकडून चाळीस हजार पत्रकं छापखान्यात परत आली. मालकांनी बुवांपुढे कॅल्क्युलेटर सरकवला.

“शंभर घ्या. १.०३५ नं गुणा. जे येईल त्याला पुन्हा तेवढ्यानंच. असं बारा वेळा.”

बुवांनी गुणलं. बाराव्या वेळी आकडा एकशे एक्कावन्नच्या वर गेला. त्यांनी पुसून पुन्हा केलं. तेच आलं.

“न भरलेलं व्याज दर महिन्याला मुदलात जातं बुवा, मग त्याच्यावरही व्याज. कागदाचे पैसे तुमच्या पगारातून कापणार आहे मी.”

पगाराचं बुवांना ऐकूच गेलं नाही. ते तडक ताईकडे गेले आणि दारातूनच सगळं सांगून मोकळे झाले. ताईनं मशीन थांबवली.

“म्हणजे वर्षाअखेरी किती?”

“तीन लाख दोन हजार. कापडवाल्याचे दोन नव्वदच झाले असते.”

“तो आता मला दारात उभं करणार नाही,” ताई म्हणाली. बुवांना वाटलं, तिनं ओरडावं, हाताला येईल ते फेकून मारावं. तिनं दोऱ्याचं टोक तोडलं, बस्स.

“शेजारच्या दोघींनीही उचललेत,” ती म्हणाली. “इस्त्रीवालीनं आणि त्या पाळणाघरवालीनं. आधी तयारच नव्हत्या, घाबरत होत्या. मीच म्हटलं, माझा भाऊ आकडे तपासतो.”

“मी सांगतो त्यांना.”

“तूच सांगायचंस.”

बुवा निघाले. इस्त्रीवालीचं दुकान चार पावलांवर होतं. तिनं त्यांना ओळखलं, घाईघाईनं खुर्ची पुसून पुढे केली आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत हात जोडून त्यांचे आभार मानले.