टगचा पराक्रम

टग म्हणजे मोठ्या जहाजांना दोराने ओढून नेणारी बुटकी बोट. म्हातारा युद्धात आरमाराच्या तसल्याच एका टगचा कप्तान होता. आता ती भंगारात निघाली होती. तिची सेवानोंद लिहून द्या, ठेवण्याजोगी वाटली तर ठेवू, असं संग्रहालयाने कळवलं. लेक कागद-पेन घेऊन म्हाताऱ्यासमोर बसली.

"बंदूक होती ना बोटीवर?"

"होती. गंजलेली. चार वर्षांत तिने एकच बळी घेतला, माझ्या अंगठ्याच्या नखाचा. लिही."

आरमारप्रमुखांच्या जहाजाला दोनदा धडक दिली, हेही त्याने लिहायला लावलं. तेवढं तर शत्रूलाही जमलं नव्हतं.

"आता पदकाचं सांगा," लेक म्हणाली. हवाई हल्ल्यात बाबांनी जखमींचं जहाज वाचवलं, ही गोष्ट तिने शाळेत सगळ्यांना ऐकवली होती.

म्हाताऱ्याने मनात हिशेब केला. खोटं लिहिलं तर बोट वाचणार. खरं लिहिलं तर बोटही जाणार आणि लेकीच्या मनातला बापही.

"जहाज बंदराबाहेर काढायचा हुकूम होता," तो अखेर म्हणाला. "अर्धा तास इंजिन फाटेस्तोवर ओढलं. जहाज ढिम्म! मला वाटलं, जखमी फार झालेत. मग कळलं, मागचा दोर धक्क्यावरच्या खुंट्यालाच बांधलेला. तो सुटलाय का ते बघायचं काम माझं. आणि तेवढ्यात बॉम्ब पडले बंदराच्या तोंडाशी, आम्ही असायला हवं होतं तिथेच. कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि पदक कावळ्याला मिळालं. पन्नास वर्षं गप्प बसलो. लाज वाटते गं."

लेकीचं पेन थांबलं. "हे लिहू?"

"लिही."

महिन्याने उत्तर आलं: शूर बोटी आमच्याकडे पुष्कळ आहेत, खरं बोलणारी ही पहिलीच. बोट ठेवतो.

टग त्याच जुन्या धक्क्याला लागली. भाषणं चालू असताना म्हातारा कुरकुरत्या गुडघ्यांनी वाकला आणि दोराची गाठ चाचपून पाहिली, पन्नास वर्षं उशिरा. मग खिशातून पदक काढून त्याने खुंट्यावर अडकवलं.

"बाबा, हे काय?"

"ज्याचं त्याला. जहाज यानेच धरून ठेवलं होतं."

पदक उलटं लटकत होतं. लेकीने ते काढलं नाही. पुढे होऊन सुलटं केलं आणि बापाला हात देऊन उभं केलं.